रामटेके काकांची दोन बोटं

रामटेके काकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका लग्नाच्या जेवणात. हातात प्लेट घेऊन ते टेबलांच्या रांगेसमोरून सावकाश चालले होते आणि प्रत्येक पदार्थाचा एक तुकडा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात धरून दाबत होते. गुलाबजाम दाबला आणि म्हणाले, "फिट." पनीर दाबलं, जरा विचारात पडले, पुन्हा दाबलं, "फिट." तळलेल्या काजूला दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, तो काही दबेना. "सिक," असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. वाढपी वैतागून म्हणाला, "अंकल, खाना है तो खाइए ना, मालिश काहे को कर रहे हो?"

"मेरे लिए नहीं देख रहा," काका म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. वाढप्याने आजूबाजूला पाहिलं, मीही पाहिलं. त्यांच्याबरोबर कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की हे गृहस्थ शंकर नगरात आमच्याच गल्लीत, अगदी समोरच्या घरात राहतात. मी लग्न होऊन नागपूरहून रायपूरला नुकतीच आले होते. माझ्या नवऱ्याने, नितीनने, माहिती पुरवली ती अशी: "रेलवे में थे. थोड़े सटके हुए हैं, पर आदमी अच्छे हैं." नितीन रायपुरात जन्मलेला आणि वाढलेला. मराठी त्याला सगळी कळते, उत्तर तो हिंदीतच देतो.

काकांनी जन्मभर मालगाडीचे डबे तपासले. लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, चाकं ठोकायची, आवाज ऐकायचा, वाकून खाली बघायचं आणि डबा बिघडलेला वाटला तर त्याच्यावर खडूने 'सिक' लिहायचं. सिक लिहिलेला डबा गाडीपासून तोडून बाजूच्या रुळावर नेऊन उभा करतात. मग आत कितीही घाईचा माल असो, साहेब कितीही ओरडो. निवृत्त होताना काकांनी हातोडा परत केला. खडू मात्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहून गेला.

त्यामुळे आमच्या गल्लीत वस्तू आजारी पडायच्या. नितीनच्या स्कूटरच्या मागच्या टायरवर एक दिवस पांढऱ्या अक्षरांत 'सिक' उमटलं. नितीन हसला आणि चौथ्या दिवशी टायर फुटला. कोपऱ्यावरच्या बाकावर, कोणाच्या तरी फाटकाच्या बिजागरीवर, फळवाल्याच्या हातगाडीच्या डाव्या चाकावर काकांचा शेरा असे. निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराच्या पोस्टरवर सकाळी 'सिक' दिसलं तेव्हा दोन कार्यकर्ते तावातावाने काकांच्या दारात आले. काका म्हणाले, "पोस्टर को नहीं लिखा. दीवार को लिखा. हाथ लगाके देखो, गीली है." भिंतीला खरंच ओल होती. कार्यकर्ते पोस्टर काढून कोरड्या भिंतीवर लावायला घेऊन गेले.

"पहिले तपासनी, मंग रवानगी," हे त्यांचं पालुपद. सिलिंडर आला, पहिले तपासनी. मुलगी पाहायला कोणी आलं, पहिले तपासनी. घरात ते एकटेच होते. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा अमोल पुण्याला इंजिनीअर. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली एक खुर्ची आणि एक पाट. मी दिसले की "जय भीम, सूनबाई" म्हणायचे आणि माझ्या चपलांचे पट्टे बघायचे.

आमचा त्यांचा खरा संबंध आला तो जुईमुळे.

जुई माझी मुलगी. तेव्हा तेरा महिन्यांची होती, वरचे चार आणि खालचे दोन दात आलेले, आणि जेवणाच्या बाबतीत एखाद्या संस्थानिकासारखी वागत होती. वरण-भात मिक्सरमधून गंधासारखा काढायचा. तिला कडेवर घ्यायचं. टीव्ही लावायचा. मग माझ्या सासूबाई खिडकीतला कावळा, गाय, कचरागाडी अशी सगळी सृष्टी तिला दाखवणार, तिचं तोंड आश्चर्याने उघडणार आणि त्या क्षणी मी चमचा आत सारणार. तासभर हे चालायचं. भाताचं एक अख्खं शीत चुकून आत गेलं तर जुई सगळंच बाहेर काढायची.

हे असंच चाललं असतं तरी मी कुरकुर केली नसती. पण माझी रजा पाच आठवड्यांत संपत होती. मी नवा रायपुरात मंत्रालयात नोकरीला. सकाळी स्टाफची बस पकडायची, त्या रिकाम्या रुंद रस्त्यांवरून जायचं ते संध्याकाळी परत. यवतमाळला राहणारी माझी नणंद बाळंत होणार होती, म्हणून सासूबाईंना त्याच सुमाराला तिच्याकडे जायचं होतं. ऑफिसजवळच्या पाळणाघरात जुईचं नाव घातलं, तर तिथल्या दीदींनी स्वच्छ सांगितलं, "एक साल के ऊपर का बच्चा थाली का खाना अपने हाथ से खाए, तभी लेंगे. दस बच्चे हैं मैडम, किस-किस को कौआ दिखाएँगे?" म्हणजे पाच आठवड्यांत जुई आपल्या हाताने जेवायला शिकली नाही, तर मला नोकरीला रामराम ठोकावा लागणार होता. तीन परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी ती. मी दोन दिवस सगळ्यांवर चिडचिड केली.

आमचा मिक्सर मोठा आवाज करायचा. तिसऱ्या दिवशी तो सुरू असतानाच काका दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, दिवसातून तीनदा हा काहून ओरडून राहिला?"

मी कारण सांगितलं. काका आत आले, मिक्सरच्या भांड्यातला गंध त्यांनी दोन बोटांत घेतला. दाबायला त्यात काहीच नव्हतं. मग ते जुईच्या जेवणाचा कार्यक्रम शेवटपर्यंत उभ्याने पाहत राहिले. सासूबाईंनी कचरागाडीपर्यंत मजल मारली तेव्हा ते म्हणाले, "ताई, पोट्टी जेवून नाही राहिली. तुम्ही तिच्यात माल भरून राहिले." आणि खिशातून खडू काढून त्यांनी मिक्सरवर 'सिक' लिहिलं.

सासूबाईंना हा आपला अपमान वाटला. "भाऊ, मी चार पोरं वाढवली," त्या म्हणाल्या.

"हव. पन आता त्या पाळनाघरात तुम्ही नसान ना."

दुसऱ्या दिवशीपासून काका रोज दुपारी यायला लागले. नितीनने हौसेने आणलेली उंच खुर्ची त्यांनी हलवून पाहिली आणि तिच्या पायावर शेरा मारला. जुईला जमिनीवर, पाठ ताठ राहील अशी बसवायची. समोर पत्र्याची ताटली. ताटलीत तिच्या मुठीत मावेल असं काहीतरी, आणि ते आधी काकांच्या दोन बोटांत दबलं पाहिजे. उकडलेल्या लाल भोपळ्याची लांब फोड, फिट. पिकलेलं केळं, फिट. वरणात भिजवलेला पोळीचा तुकडा, फिट. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं घरात तिच्या हाताला लागतील अशी ठेवायचीच नाहीत, हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की नितीनने आपली फुटाण्यांची पुडी ऑफिसात नेऊन ठेवली. काकांचा मुख्य भरवसा होता फऱ्यावर. फरा म्हणजे शिळा भात आणि तांदळाचं पीठ मळून बोटाएवढे लांबट वळायचे आणि वाफवायचे. इथे छत्तीसगडमध्ये घरोघरी करतात, वरून तीळ-मिरचीची फोडणी देतात. काका बिनफोडणीचे मऊ फरे स्वतः करून डब्यातून आणायचे. "या फऱ्याले दांडा हाये," ते म्हणायचे. "धराले बरा."

पहिला आठवडा काय वर्णावा! जुईने फरा कानाला लावला. भोपळा केसांना चोपडला. वरण भिंतीवर गेलं, ते डाग अजून आहेत. केळं तिने बसण्यासाठी वापरलं. तोंडात मात्र काही नाही. एके दुपारी तिने एकदाची एक वस्तू उचलून आपल्या हाताने तोंडात घातली, मी टाळी वाजवली, आणि मग दिसलं की तो काकांचा खडू होता. काका पांढरेफटक पडले. खडू काढून घेतला, जेमतेम टोक ओलं झालं होतं, तरी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले काही होत नाही. पण त्या दिवसानंतर काका आमच्या उंबऱ्याबाहेर खडू ठेवून आत येऊ लागले.

दुसऱ्या आठवड्यात एक पोळीचा तुकडा जुईच्या घशाशी आला. ती लाल झाली आणि जोरात खोकायला लागली. मी तिच्या तोंडात बोट घालायला धावले तर काकांनी माझा हात धरला. "खोकून राहिली ना? आवाज येऊन राहिला ना? मंग तिचं ती काढते. बोट घातलं तं अजून आत ढकलशीन." तुकडा बाहेर पडला. जुईने तो उचलून पाहिला आणि काकांना दिला. मी तिला उचलून छातीशी धरलं. काकांनी तो तुकडा पुन्हा दोन बोटांत दाबून पाहिला.

तीन आठवडे झाले तरी जुई खेळायची भरपूर आणि जेवायची नाही. तरी तिचं वजन उतरत नव्हतं. काकांना संशय आला. रविवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि सासूबाईंना हात पुढे करायला सांगितले. उजव्या हाताच्या बोटांवर हळद होती आणि त्या दुपारी आमच्याकडे वरण-भात नव्हता, दूध-पोळी होती.

"जीव तुटते हो माझा," सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. त्या दारामागे जुईला गुपचूप वरण-भात भरवत होत्या.

काका रागावले नाहीत. त्यांनी तपासणीची दिशा बदलली. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कवा जेवते?"

"जुई झोपल्यावर. मोबाईल बघत बघत."

"नितीन, तू?"

"ऑफिस में, भनपुरी में. रात को आके टीवी के सामने."

"ताई, तुम्ही?"

सासूबाई पदर सारखा करू लागल्या. त्यांच्या वतीने मी सांगायला गेले, तर मलाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं त्यांच्याबरोबर एका छताखाली राहून मी त्यांना जेवताना पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं त्या सगळ्यांचं आटोपल्यावर, स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून जेवत आल्या होत्या. सासूसमोर जेवायचं नाही, ही त्यांना लागलेली सवय. सासू जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी पाठ दाराकडेच. मला स्वतःची फार लाज वाटली.

"म्हंजे पोट्टीनं या घरात कोनाले जेवताना पाह्यलंच नाही," काका म्हणाले. "तिले वाटते जेवन म्हंजे कोनीतरी आपल्याले करते. थे आपन कराचं असते, हे तिले सांगन कोन? फऱ्याचा काही दोष नाही. आपुनच सिक."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सासूबाईंचं ताट जुईच्या समोर मांडायला लावलं. जुईच्या ताटलीत जे, तेच त्यांच्या ताटात. फरे, वरण, भोपळ्याची भाजी. सासूबाई संकोचाने अर्ध्या झाल्या. डोक्यावर पदर घेतला, तोंड भिंतीकडे वळवलं. काका स्वतःचं ताट घेऊन बाहेरच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसले. "मी पाहून नाही राहिलो, ताई. जेवा तुम्ही." मीही माझं ताट घेऊन बसले.

सासूबाईंनी तोंड जुईकडे वळवलं आणि एक फरा वरणात बुडवून खाल्ला. जुई आ वासून पाहत राहिली. तिने आजीचं तोंड हलताना असं कधी पाहिलं नव्हतं. दुसरा फरा खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी जुई रांगत गेली, स्वतःची भरलेली ताटली सोडून आजीच्या ताटात हात घातला, एक फरा उचलला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. अर्धा मांडीवर पडला. अर्धा तिने चावला, गिळला आणि पुन्हा हात घातला. सासूबाईंचा हात आपसूक तिला मदत करायला पुढे झाला.

"हात खाली, ताई," पायरीवरून काका म्हणाले. त्यांनी वळून पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे एकदम जेवायला बसू लागले. रात्री आठला टीव्ही बंद, नितीनसुद्धा जमिनीवर. जुई शेवटच्या दहा दिवसांत पोळी, भाजी, वरण-भात, तांदळाच्या पिठाचा चिला सगळं खायला शिकली. भात अजून निम्मा अंगावर सांडायचा, पण बाकीचा निम्मा तिच्याच हाताने आत जायचा. सासूबाई यवतमाळला निघाल्या तेव्हा गाडीत चढताना मला म्हणाल्या, "आता तिथंबी मी सगळ्यांबरोबर जेवीन. सांगून ठेवलं आहे." तिथल्या लोकांवर काय प्रसंग आला असेल कोण जाणे.

मी पहिल्या दिवशी जुईला पाळणाघरात सोडलं आणि दिवसभर फायली बघण्याचं सोंग केलं. संध्याकाळी दीदी म्हणाल्या, "मैडम, ये तो बिना बोले पूरी थाली साफ कर दी. बाजूवाले की भी." मी बसमध्ये रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं काय झालं, तर सांगताही येईना की मुलगी जेवली म्हणून रडतेय.

त्या रविवारी दुपारी मी काकांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली होती. त्यांनी दोन बोटांत दाबली आणि काही न बोलता खाल्ली, म्हणजे आवडली असावी. जुई आमच्यामध्ये बसून वरण-भात कालवत होती. मी सहज विचारलं, "काका, हे सगळं तुम्ही शिकलात कुठे?"

"शिकलो नाही," ते म्हणाले. "अमोल दहा महिन्यांचा होता तवा त्याची माय गेली. मले पंधरा दिवसांची रजा भेटली. मंग दिवसपाळी, रातपाळी. शेजारच्या बाई त्याले ठेवाले तयार होत्या, पन त्यांचे स्वतःचे चार पोट्टे. तिथं जो आपल्या हातानं खाईन तोच जेवनार. तं पंधरा दिवसांत त्याले शिकवलं. त्याच्यासाठी दाबून पाह्याची सवय या बोटांची अजून गेली नाही. दुसरा इलाजच नव्हता, बेटा."

नितीनने घास खाली ठेवला. 

"चांगला शिकला," काका म्हणाले. "बाराव्या दिवशी शिकला. मंग तीन दिवस रजा उरली होती. लय वाटे, आता एक घास आपुन भरवावा याले. पन भरवला असता तं सवय लागली असती आनि मंग त्या बाईकडं उपाशी राह्यला असता. नाही भरवला. मंग तो मोठाच झाला." मग ते जरा हसले. "सूनबाई, जुईले एक घास भरवू? आता तं पुरी शिकली. बिघडनार नाही."

"भरवा ना काका," मी म्हणाले.

त्यांनी वरण-भाताचा लहानसा घास केला. फार वेळ लावून, नीट गोल, त्यावर तुपाचा थेंब घेतला. हात जुईच्या तोंडापाशी नेला. जुईने घासाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. मग आपला इवलासा हात पुढे करून तिने तो घास त्यांच्या बोटांतून काढून घेतला आणि स्वतःच्या हाताने खाल्ला.

"वा, वा!" काका म्हणाले. "पाह्यलं? पुरी शिकली पोट्टी." आणि ते मोठ्यांदा हसले. हसताना त्यांचा हात तसाच हवेत राहिला होता, बोटांना दोन शितं चिकटलेली. मी मान खाली घालून ताटातली पुरणपोळी उगाच मोडत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की काकांनी हे काम जरा वाईट केलं असतं, तर किती बरं झालं असतं.